एन्झो मारीबद्दल थोडंसं

बरेच जण म्हणतात की इटालियन डिझायनर फर्निचर म्हणजे निव्वळ श्रीमंतांचे चोचले. बरंचसं खरं आहे, पण इटालियन डिझायनर एन्झो मारी (१९३२-२०२०) या वर्णनात बसत नाही.

माणूस पक्का डाव्या विचारांचा. मिलानच्या ब्रेरा अकादमीत शिकला, मग दानेझे या कंपनीसाठी कोड्यासारखे एकमेकांत बसणारे सोळा लाकडी प्राणी केले, कॅलेंडरं केली. पुढे झानोत्ता या फर्निचर कंपनीसाठी तोनिएत्ता खुर्ची, तिला १९८७ चा कॉम्पासो दोरो हा डिझाइनमधला मोठा सन्मान मिळाला. हा सन्मान मारीला एकूण पाच वेळा मिळाला.

पण मला भावतं ते १९७४ चं 'आउतोप्रोजेत्ताझिओने', म्हणजे 'स्वतःच आराखडा करणं'. टेबलं, खुर्च्या, पलंग, कपाटं अशा १९ वस्तूंचे आराखडे, टपालखर्च पाठवला की मिळायचे. साधं सामान: फळ्या, खिळे, हातोडी. कुणीही बनवावं, बंदी फक्त कारखानदार आणि व्यापाऱ्यांना! स्वस्त फर्निचर हा हेतू नव्हताच. स्वतः ठोकून पाहिलं की बाजारातली वस्तू पारखायची नजर येते, असं त्याचं म्हणणं. २०१० मध्ये यातलीच एक खुर्ची आर्टेक या फर्निचर कंपनीने घरी जोडायचा संच म्हणून विकायला काढली, तीही त्याच्या संमतीने. आता याला काय म्हणावं?

हेकटपणाही भारी. आपल्या कामाचा सगळा संग्रह त्याने मिलान शहराला दिला, पण अट घातली की चाळीस वर्षं कुणाला दाखवायचं नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये मिलानच्या त्रिएन्नाले या डिझाइन संग्रहालयात त्याचं मोठं प्रदर्शन उघडलं आणि दोनच दिवसांत तो गेला. दुसऱ्या दिवशी त्याची पत्नी, कलासमीक्षक लेआ वेर्जिने, हिचंही निधन झालं.