वह्या टाकू नका
घराण्याचे जुने कागद जपताना "घरची पत्रं जपा, धंद्याच्या वह्या स्कॅन करून रद्दीत घाला" असं काही जण सुचवतात. हे मत मला अजिबात पटलं नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमचं ड्यूक घराणंच घ्या. तंबाखूवर मोठं झालेलं, १८९० साली अमेरिकन टोबॅको कंपनी उभी करणारं. बेंजामिन ड्यूकचे कागद आज ड्यूक विद्यापीठाच्या रूबेनस्टाइन ग्रंथालयात आहेत. त्यांत धंदा आणि ट्रिनिटी कॉलेजला (पुढे तेच ड्यूक विद्यापीठ झालं) दिलेल्या देणग्या वेगळ्या काढताच येत नाहीत.

त्या काळी धंद्याच्या पत्राची नक्कल वहीतल्या ओलसर, झिरझिरीत कागदावर दाबून घेत. शाई उलटी उमटे आणि कागदाच्या दुसऱ्या बाजूने सुलट वाचायची! असं पान स्कॅन करताना मागे पांढरा कागद सरकवला नाही, तर खालच्या पानाची अक्षरंही त्यात मिसळतात. म्हणून मूळ वही राहिलीच पाहिजे.