मदत हवी आहे: नातेवाइकांना सांभाळणं फक्त सिस्टरांचंच काम?

नमस्कार. मी मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे ब्रदर, म्हणजे पुरुष नर्सही आहेत, पद तेच, पगारही तोच. पण पेशंट गेला की डॉक्टर फॉर्मवर सही करून निघतात, ब्रदर मॉनिटर काढायला लागतात आणि रडणाऱ्या मुलीजवळ बसायला हाक येते ती सिस्टरला. "तुम्हाला जमतं हो ते!" परवा असंच झालं, पाऊण तास मी नातेवाइकांजवळ बसले. सहाची अँटिबायोटिक्स उशिरा गेली आणि मेमो (लेखी जाब) मला मिळाला. तो पाऊण तास रजिस्टरात कुठेच नाही.

समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉशचाइल्ड यांनी 1983 मध्ये हवाई सुंदरींच्या कामावर लिहिताना याला, म्हणजे नोकरीचा भाग म्हणून भावना सांभाळण्याला, भावनिक श्रम म्हटलं होतं. आमच्या इन्चार्ज मात्र "स्वभावाचा भाग आहे" म्हणतात. (एका ब्रदरला हे काम मनापासून करायचं असतं, त्यालाच बायकांच्या खाटेपाशी थांबू देत नाहीत. तेही चूकच.)

मेट्रनकडे (नर्सिंगच्या प्रमुखांकडे) लेखी अर्ज द्यायचा विचार आहे. कुणाच्या हॉस्पिटलात नातेवाइकांशी बोलण्याची ड्युटी आळीपाळीने लागते का? हँडओव्हरमध्ये (पुढच्या शिफ्टला काम सोपवताना) तो वेळ कसा लिहिता? मेमोला उत्तर देताना हे कारण मांडावं, की अर्ज वेगळा ठेवावा? युनियनमधल्या कुणी मसुदा पाहून दिला तर फार बरं होईल.