फटाके सुरू झाले की आमचा खंड्या वॉशिंग मशीनच्या मागे. या दिवाळीला काय करू?

खंड्याची_आई:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचा खंड्या चार वर्षांचा, गावठीच, पिल्लू असताना रिक्षा स्टँडवरून उचलून आणलेला. आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर, आणि बिल्डिंगला मधे चौक आहे, त्यामुळे खाली कोणी साधी लवंगीची माळ लावली तरी आवाज भिंतींवर आपटत आपटत वर येतो. एरवी हा वाघ, कुरियरवाल्याला जिना चढू देत नाही. पण पहिला सुतळी बॉम्ब वाजला की संपलं. बाथरूममध्ये वॉशिंग मशीनच्या मागे जी वीतभर फट आहे तिच्यात घुसतो, मांजर मावणार नाही तिथे हा अठरा किलोचा गडी, आणि पाइपला अंग चिकटवून थरथरत उभा राहतो. बसत पण नाही. लाळ एवढी गळते की खालची फरशी पुसावी लागते. ज्या चिकनसाठी एरवी जीव टाकतो ते नाकाशी धरलं तरी तोंड फिरवतो.

गेल्या वर्षी एका डॉक्टरांनी गोळी दिली होती, म्हणाले निवांत पडून राहील. पडून राहिला हो, पण डोळे उघडे. उठता येत नव्हतं, डोळ्यांच्या कोपऱ्यातून ती पांढरी पापणी अर्धी वर आलेली आणि प्रत्येक धमाक्याला फक्त कान आणि भुवया हलत होत्या. मी शेजारी बसून रडत होते आणि घरचे म्हणतायत बघ किती शांत आहे.

लक्ष्मीपूजन एकवेळ ठीक, आधी माहीत तरी असतं. नरकचतुर्दशीला लोक पहाटे साडेचारला उटणं लावून आंघोळ करून थेट बॉम्बच लावतात, आम्ही झोपेत आणि खंड्या माझ्या पोटावर.

तर आता गणपती झालेत, दिवाळीला पाच आठवडे आहेत. ती गोळी द्यावी का? कानात कापूस घालावा का? आणि सासूबाई म्हणतात घाबरला की जवळ घेऊ नकोस, लाड केले की अजून भित्रा होतो, हे खरं आहे का?

भाकरवडी:
ताई, आमच्याकडे लॅब्रॅडोर आहे, सेम स्टोरी. दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे संध्याकाळचं फिरणं पाचच्या आत उरकायचं, नंतर अजिबात खाली न्यायचं नाही, शी-शू झालेली असली म्हणजे रात्री प्रश्न येत नाही. दुसरं म्हणजे नुसत्या पट्ट्यावर भरवसा ठेवू नका. आमच्या समोरच्यांचा कुत्रा रॉकेटच्या आवाजाला उलटा मागे सरकला आणि मान पट्ट्यातून सुटली, दोन दिवसांनी तीन किलोमीटरवर एका गॅरेजमध्ये सापडला. तेव्हापासून आम्ही दिवाळीत छातीचा पट्टा आणि गळ्याचा पट्टा दोन्ही घालतो आणि बिल्ल्यावर फोन नंबर. दार उघडताना पण बघा, फराळाचे डबे घेऊन लोक येत असतात, तेवढ्यात निसटतात.

डॉ_गोठा:
मी जनावरांचा डॉक्टर आहे, आधी गाई-म्हशी केल्या, आता गेली बारा वर्षं कुत्री-मांजरी जास्त. जरा लांबेल पण वाचा.

तुम्ही वर्णन केलंय त्यावरून ती गोळी बहुतेक एसप्रोमॅझिन असावी, पापणीचं लक्षण तिचंच. जुनी आणि स्वस्त आहे, आमच्या पिढीला शिकवलीच तशी, वर्षानुवर्षं दिली गेली. तिने अंग ढिलं पडतं, पण भीती कमी होत नाही. म्हणजे कुत्र्याला सगळं ऐकू येतंय, घाबरलेलाही आहे, फक्त पळता येत नाहीये. त्यामुळे आता फटाक्यांसाठी एकटी ही गोळी देऊ नये असंच सांगितलं जातं. तुम्ही रडलात ते बरोबरच होतं, तुम्हाला जे दिसलं ते खरं होतं.

भीती कमी करणारी औषधं वेगळी असतात. ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन, काही केसेसमध्ये अल्प्राझोलाम. अमेरिकेत खास आवाजाच्या भीतीसाठी हिरडीला लावायचं जेल पण मंजूर झालं, डेक्समेडेटोमिडीनचं. यातलं कुठलं आणि किती हे वजन, लिव्हर, किडनी, आधीची औषधं बघून ठरतं त्यामुळे इथे डोस विचारू नका, मी देणार नाही. पण तुमच्या डॉक्टरांना जाऊन हे स्पष्ट सांगा की मला झोपवायचं नाहीये, भीती कमी करायची आहे. आणि दिवाळीआधी एखाद्या शांत रविवारी एक ट्रायल डोस द्या, कारण एखादा कुत्रा उलट जास्त अस्वस्थ होतो किंवा झिंगल्यासारखा चालतो, ते लक्ष्मीपूजनाच्या रात्री कळून काय उपयोग. गोळी आवाज सुरू व्हायच्या दीड-दोन तास आधी. एकदा थरथर सुरू झाली की मग तेवढा गुण येत नाही. घरातल्या माणसांच्या गोळ्या-सिरप मनाने देऊ नका, काही सिरपमध्ये झायलिटॉल नावाचा गोडवा असतो, तो कुत्र्यांना विष आहे.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण हा जुना समज आहे. भीती म्हणजे काही शिकवलेली करामत नाही की बक्षीस दिलं की वाढेल. तो जवळ आला तर खुशाल जवळ घ्या, हात ठेवा, हळू बोला. फक्त त्याला मशीनमागून ओढून काढून मांडीवर घेऊ नका. जिथे त्याला सुरक्षित वाटतं तिथे राहू द्या, उलट ती फट थोडी मोठी करा, मशीन सरकवा, जुनी सतरंजी घाला.

आता सगळ्यात स्वस्त उपाय. आवाज झाला की लगेच त्याच्या आवडीचं काहीतरी द्यायचं. क्रम महत्त्वाचा, आधी धडाम, मग चिकन. उलटं केलं तर कुत्रा हुशार, चिकन दिसलं की आता बॉम्ब येणार असं शिकतो. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठातून २०२० मध्ये एक सर्व्हे आला होता, हजारावर कुत्र्यांच्या मालकांना विचारलेलं, त्यात या आवाज-मग-खाऊ प्रकाराचा उपयोग झाला असं ७० टक्क्यांहून जास्त लोकांनी सांगितलं. डॉक्टरांच्या औषधांनाही साधारण तेवढेच. अंगाला घट्ट बसणारे जॅकेट ४४ टक्के, आणि फेरोमोन (शांत करणाऱ्या वासाचे स्प्रे-डिफ्यूझर), हर्बल थेंब वगैरे त्याहून खाली. मालकांनी स्वतः सांगितलेलं आहे, प्रयोगशाळेतलं नाही, हे लक्षात ठेवा, तरी पैसे कुठे घालायचे याचा अंदाज येतो.

पण तुमचा खंड्या ऐन वेळी चिकन घेत नाही म्हणजे तेव्हा त्याची भीती खाऊच्या पलीकडे गेलेली असते. म्हणून आजपासून मोबाइलवर फटाक्यांचं रेकॉर्डिंग लावा, इतकं हळू की त्याचा कान हलेल पण शेपटी खाली जाणार नाही, आणि प्रत्येक आवाजामागे एक तुकडा. पाच मिनिटं, रोज. आवाज आठवड्या-आठवड्याने वाढवा, तो जराही दचकला की एक पायरी मागे. पाच आठवडे कमी आहेत आणि मोबाइलमध्ये तो छातीत बसणारा दणका नसतो, त्यामुळे यंदा औषध आणि हे दोन्ही.

कापूस नको, आत ढकलला जातो आणि मग आमच्याकडे येता. डोक्यावरून कानांवर येईल अशी जुनी मोज्याची किंवा टीशर्टच्या बाहीची पट्टी चालते, त्याने काढून टाकली तर हट्ट करू नका. आणि जाता जाता, चिवडा-लाडवातले बेदाणे कुत्र्याला देऊ नका, किडनी जाते.

टवाळ_टोणगा:
सगळी बंधनं आपल्या सणालाच. वर्षातून चार दिवस पोरांनी फटाके वाजवायचे नाहीत का मग? कुत्रा तुम्ही पाळलाय, सोय तुम्ही करा.

खंड्याची_आई:
@टवाळ_टोणगा, अहो मी कुठे म्हटलं वाजवू नका? सोयच विचारतेय.

डेसिबल_काका:
टोणगेसाहेब, बंधन कुत्र्यासाठी नाहीये, माणसांसाठी आहे आणि जुनं आहे. सुप्रीम कोर्टाने २००५ मध्येच रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके बंद केले. म्हणजे ताईंची ती पहाटे साडेचारची नरकचतुर्दशी आधीपासूनच बेकायदेशीर. २०१८ ला पुढचा आदेश आला, दिवाळीत रात्री आठ ते दहा, फक्त ग्रीन फटाके, आणि माळांवर बंदी. आता दुकानात जाऊन बघा, दारातच हजाराची माळ लटकवलेली असते.

आता गणित. नियम असा की फुटतो तिथून ४ मीटरवर आवाज १२५ डेसिबलच्या वर जाऊ नये. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे ८ मीटरला ११९, १६ मीटरला ११३. तिसरा मजला म्हणजे जेमतेम दहा-बारा मीटर, आणि ताईंचा तर बंद चौक, तिथे भिंती आवाज परत फेकतात त्यामुळे तेवढाही उतरत नाही. आणि हे नियमात बसणाऱ्या फटाक्याचं झालं. वर कुत्र्याला ४५ हजार हर्ट्झच्या आसपासपर्यंत ऐकू येतं, आपल्याला २० हजार, तेही लहानपणी, माझ्या वयाला निम्मं धरा.

व्यवहारातला सल्ला, चौकाऐवजी बिल्डिंगच्या बाहेर मोकळ्या जागेत लावा असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये आत्ताच मांडा. प्राण्यांचं नाव काढू नका, वरच्या मजल्यावरचे आजोबा आणि कोणाकडे तान्हं बाळ असेल तर ते सांगा, लगेच पास होतं. अनुभवाचे बोल.

मनीमाऊ:
मांजरवाल्यांसाठी पण लिहिते कारण मांजरं आवाज करत नाहीत म्हणून त्यांना काही होत नाही असं लोकांना वाटतं. आमची चिंगी लक्ष्मीपूजनाला माळ्यावर गाद्यांच्या मागे जाते ती दुसऱ्या दिवशी दुपारी उतरते. पहिल्या वर्षी मी स्टूलवर चढून ओढायला गेले आणि हातावर चार टाके पडले, चूक माझीच. आता तिथेच पाण्याची वाटी आणि खाली मातीचा ट्रे ठेवून देते, खिडक्या बंद, विषय संपला. दोन दिवस जेवलीच नाही तर मात्र डॉक्टरकडे न्या, मांजरांचं उपाशी राहणं लिव्हरवर येतं.

आणि बजरीगर असतील तर पिंजरा खिडकीपासून हलवा, तीन बाजूंनी चादर टाका पण झिरोचा दिवा चालू ठेवा. मिट्ट काळोखात दचकले की पिंजऱ्यातल्या पिंजऱ्यात आपटतात, आमच्या एकाचा पंख असाच गेला.

लेस्टरकर:
इंग्लंडातून. इथे आमची दिवाळी आणि ५ नोव्हेंबरची गाय फॉक्स नाइट (इथली फटाक्यांची रात्र) मागे-पुढे येतात, त्यामुळे कुत्र्याचे हाल पंधरा-वीस दिवस चालतात. गंमत म्हणजे इथल्या २००४ च्या नियमात एरवी रात्री अकरानंतर फटाके बंद, ५ नोव्हेंबरला बारापर्यंत, आणि दिवाळीला चक्क एकपर्यंत. आपल्या सणाला जास्त सूट मिळाली याचा आनंद मला कुत्रा घेईपर्यंत होता. आमच्याकडे उपाय एकच चालतो, जिन्याखालचं कपाट, आत जुना कोट, आणि बाहेर टेबल फॅन फुल स्पीडला, थंडी असली तरी. आम्ही स्वेटर घालून बसतो.

खंड्याची_आई:
भाऊबीज झाली, पाव्हणे गेले, आता लिहायला बसले. वाचणाऱ्यांपैकी कोणाला पुढच्या वर्षी उपयोग होईल म्हणून सगळं सांगते.

डॉक्टर बदलले. डॉ_गोठा यांचं वाक्य तसंच्या तसं म्हणाले, झोपवायचं नाहीये, भीती कमी करायची आहे, तर त्यांनी रक्त तपासून गोळी दिली. ट्रायलच्या रविवारी खंड्या जरा तंगड्या टाकत चालला आणि दारावरच्या बेलला भुंकायचंच विसरला, मग डोस थोडा कमी केला. मशीन सरकवलं, सतरंजी घातली, एक्झॉस्ट फॅन चालू. रेकॉर्डिंग खरंतर रोज झालं नाही, फराळाच्या गडबडीत मधले आठ दिवस बुडाले.

सोसायटीत आजोबांचं नाव काढलं, ठराव पास झाला. पण मुलं चौकातच लावणार हे उघड होतं, तेव्हा मी सरळ खाली जाऊन त्यांनाच विचारलं की अरे बॉम्ब लावायच्या आधी मला हाक मारता का. त्यांना काय, खेळच मिळाला. "काकूऽऽ, लावतोय!" अशी आरोळी यायची, मी चिकन मुठीत धरून तयार, धडाम झालं की मूठ उघडायची. क्रम पाळला हो डॉक्टर, हाकेला काही नाही, आवाजालाच.

नरकचतुर्दशीला उपयोग झाला नाही. पहाटेची गोळी द्यायला तीनला उठायला हवं होतं, गजर बंद करून झोपले. थरथर, लाळ, सगळं तसंच. लक्ष्मीपूजनाला मात्र वेळेवर दिली. मशीनमागे गेला पण बसला. बसला हे मला नवऱ्याला दोनदा बोलावून दाखवावं लागलं, त्याला त्यात काय एवढं ते कळेना. साडेआठला पहिला तुकडा घेतला, चावला नाही, तोंडात धरून ठेवला. पाडव्याला छोट्या आवाजांना खात होता, मोठ्यांना नाही. दहानंतर कोणीतरी गच्चीवरून शॉट्स लावले तेव्हा परत उभा राहिला आणि मग मीच सतरंजीवर त्याच्याशेजारी आडवी झाले. सासूबाई दारात येऊन बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत, थोड्या वेळाने उशी आणून दिली.

आत्ता संध्याकाळी बेल वाजली, खंड्या भुंकत दारापर्यंत गेला. खालचा सातवीतला मुलगा, हातात अर्धं पाकीट. "काकू, एवढे उरलेत, तुळशीच्या लग्नाला लावणार आहे, तुमच्याकडे चिकन असेल ना?"

तर डॉ_गोठा, तुळशीच्या लग्नाला पूर्ण गोळी द्यायची की एवढ्याशा फटाक्यांसाठी नुसतं चिकन पुरेल?

डॉ_गोठा:
पाकिटात काय आहे ते आधी विचारा. लवंगी असतील तर चिकन. सुतळी असतील तर तुमच्या डॉक्टरांना फोन.