शेहेचाळिशी, गृहकर्ज आणि लिंक्डइन: तीन कोटेशनं हवी आहेत

खरेदीखाते

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

वय ४६. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत खरेदी विभागात आहे आणि पहिल्यापासून हेच काम केलंय. कोटेशनं मागवायची, तुलनातक्ता करायचा, घासाघीस करायची, पीओ (परचेस ऑर्डर) काढायची, माल वेळेत आला नाही की फोनवर भांडायचं. काम आवडतं. भांडायलाही आवडतं. गेल्या वर्षी एका मोठ्या समूहाने आमची कंपनी घेतली आणि तेव्हापासून खरेदी 'सेंट्रलाइज' होणार, म्हणजे सगळी मुख्य कार्यालयातून होणार, अशी कुजबुज आहे. अजून कुणाला काढलेलं नाही, पण निवृत्त झालेल्यांच्या जागा भरत नाहीत. नवा साहेब माझ्याहून १२ वर्षांनी लहान. मुलगा चांगला आहे हो, उगाच नावं ठेवणार नाही. मॅम मॅम करतो आणि दर मीटिंगला डॅशबोर्ड मागतो. डॅशबोर्ड मलाही करता येतो. पण 'हो मॅडम, ट्रक निघालाच' म्हणताना व्हेंडर ज्या घाईने बोलतो, त्यावरून ट्रक अजून भरलेलाही नाही हे मला कळतं. ते कुठल्या रकान्यात भरायचं?

आता पैसे. गृहकर्ज २० वर्षांचं, व्याज ९ टक्के, ११ वर्षं झाली, ९ बाकी. नवरा घरून भाषांतराची कामं करतो. उत्पन्न आहे, पण एक महिना भरभरून, पुढचे दोन कोरडे. मुलीचं कॉलेज २ वर्षांवर आलंय. एक जुनी ठेव पुढच्या महिन्यात सुटतेय, साधारण ६ हप्त्यांइतकी. तिच्यावर तिघांचा डोळा आहे: गृहकर्ज, मुलीचं शिक्षण आणि सप्लाय चेनचा एक वर्षाचा ऑनलाइन कोर्स. कोर्सची फी जवळजवळ अख्खी ठेव खाते.

आणि तिसरं, जे लिहायची लाज वाटतेय. रात्री सगळे झोपले की लिंक्डइन उघडते. उघडते नोकरी बघायला. थोड्याच वेळात कॉलेजातली कुणीतरी 'थ्रिल्ड टू अनाउन्स' करत समोर येते. परवा आली तिला मी परीक्षेच्या आदल्या रात्री कॉस्टिंग शिकवलं होतं. आता ती व्हाइस प्रेसिडेंट. मी 'हार्दिक अभिनंदन' लिहिते, टाळ्या टाकते आणि मग एक वाजेपर्यंत छताकडे बघत बसते. खातं बंद करावं तर नोकऱ्या तिथेच आहेत.

ऑफिसात तीन कोटेशनं आल्याशिवाय मी साधा बोल्ट घेत नाही, आणि हे सगळं मात्र रात्री एकटीच ठरवायला बसते. तेव्हा द्या भाव. ठेव कुठे लावू, कोर्स करू की नको, आणि या लिंक्डइनचं काय करू?

---

हिशेबनीस

ताई, मी निवृत्त माणूस, नोकरी सगळी कर्ज विभागात गेली. फक्त पैशावर बोलतो, बाकी तरुण मंडळी सांगतील.

२० वर्षांच्या कर्जाला ९ टक्के व्याज असेल तर पहिल्या हप्त्यातला सुमारे ८३ टक्के भाग व्याजात जातो. ११ वर्षं इमाने इतबारे हप्ते भरल्यावर मूळ कर्जापैकी किती बाकी असेल? लोक म्हणतात, निम्म्याहून कमी. तुमचं अजून जवळजवळ ६६ टक्के बाकी असणार. आजच्या हप्त्यातही निम्म्याहून जास्त व्याजच जातंय. बँकेकडून परतफेडीचा तक्ता मागवा आणि ती ओळ स्वतः बघा. मी सांगून पटत नाही, आकडा बघितला की पटतं.

आता तुमची ठेव. ६ हप्त्यांइतकी रक्कम आज एकरकमी भरली आणि हप्ता आहे तोच ठेवला, तर शेवटचे जवळपास १३ हप्ते उडतात. द्यायचे ६, वाचतात १३. ऐकायला झकास.

तरीसुद्धा आज भरू नका.

कारण कर्जात गेलेला पैसा सहसा परत येत नाही. परत हवा तर नव्याने कर्ज मागायचं, आणि ते देताना समोरचा पहिल्यांदा विचारतो पगाराची स्लिप. तुम्हाला पैसा लागेल तो पगार थांबल्यावर. माझ्या टेबलासमोर अशी माणसं येऊन बसलेली आहेत. दोन वर्षांपूर्वी हौसेने जास्तीचे पैसे भरलेले, कर्ज निम्म्यावर आणलेलं, आणि आता तीन हप्ते थकलेत. आधी भरलेत म्हणून थकलेले हप्ते आपोआप माफ होत नाहीत हो.

म्हणून आधी ६ महिन्यांचा घरखर्च, हप्ता धरून, हाताशी पाहिजे. नवऱ्याचं उत्पन्न अनियमित आहे, त्यामुळे तुमच्या घराला ८-९ महिन्यांचा धरला तरी मी जास्त म्हणणार नाही. तेवढा आधीच बाजूला असेल तर खुशाल कर्जात भरा, ९ टक्के खात्रीचे वाचतात. नसेल तर ही ठेव तिथेच, लगेच मोडता येईल अशा जागी. व्याज कमी मिळेल, मिळू द्या.

मुलीच्या शिक्षणाबद्दल एवढंच, की दोन वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजारात घालू नका. आणि शिक्षणासाठी कर्ज मिळतं, म्हातारपणासाठी कुणी देत नाही. तुमच्या धाग्यात तुमच्या निवृत्तीचा उल्लेखही नाही, हे मला खटकलं. महागाई ६ टक्के धरली तर १२ वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते (७२ भागिले ६, सोपं गणित आहे). म्हणजे तुम्ही ५८ च्या असाल तेव्हा.

कोर्सचं मला कळत नाही.

---

स्पष्टच_बोलतो

लिंक्डइन बंद करा. आजच. एवढा मोठा धागा लिहिण्यापेक्षा कमी वेळ लागेल.

---

रात्रपाळी

स्पष्टराव, खातं बंद करून त्या ताईंना झोप येईलही, पण नोकरी गेली तर परत उडेल. जरा थांबा की.

खरेदीताई, वय ५१, तुमच्याच बोटीत. एक गणिती गंमत सांगतो, मला तिचा फार उपयोग झाला. १९९१ मध्ये स्कॉट फेल्ड नावाच्या समाजशास्त्रज्ञाने दाखवलं की बहुतेक लोकांच्या मित्रांना सरासरीने त्यांच्याहून जास्त मित्र असतात. जादू काही नाही. ज्याला २०० मित्र आहेत तो २०० जणांच्या यादीत दिसतो, ज्याला ५ आहेत तो पाचच जणांना. म्हणजे आपल्या यादीत पसारा मोठा असलेली माणसंच जास्त येणार. आता त्यात ही भर घाला: बढती मिळाली की पोस्ट पडते, बढती हुकली की पडत नाही. तुमच्या वर्गातल्या ६० जणांपैकी रात्री तुम्हाला दिसतात ते चार. उरलेले ५६ काय करतायत? बहुतेक तुमच्यासारखंच छत बघतायत.

अवांतर: ब्लँचफ्लॉवर आणि ऑस्वल्ड या अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये अनेक देशांतली आकडेवारी मांडून सांगितलं की माणसाचं समाधान चाळिशीच्या मध्यावर तळाला जातं आणि पुढे पुन्हा चढतं. सगळ्यांना ते पटलेलं नाही, वाद चालू आहेत. पण २०१२ मध्ये ५०८ चिंपांझी आणि ओरांगउटान यांच्यावरचा अभ्यास आला आणि त्यांच्यातही तसाच मधला खड्डा निघाला! (समाधान किती ते त्यांना सांभाळणाऱ्यांनी ठरवलं होतं, माकडांनी फॉर्म भरला नव्हता.) त्यांना ना गृहकर्ज, ना बारा वर्षांनी लहान साहेब. हलके घ्या.

---

मुलाखतवाली

माणसं नेमण्याचं काम करते, तेव्हा कोर्स आणि लिंक्डइन माझ्याकडे.

कोर्सचं माहितीपत्रक मिटवून ठेवा. ज्या जागा तुम्हाला खरंच हव्याशा वाटतात अशा १५-२० जाहिराती काढा आणि त्यांत काय मागितलंय ते एका कागदावर उतरवा. तो कोर्स किंवा तसं प्रमाणपत्र कितींमध्ये आहे? दोन-तीन ठिकाणी असेल तर एवढी फी भरू नका. बहुतेक जाहिरातींत एखादं ठरावीक सॉफ्टवेअर सापडेल, ते बऱ्याच कमी पैशात शिकता येतं. सगळीकडे प्रमाणपत्रच असेल, तर कोर्स करा. पण आधी कंपनी फी देते का विचारा. नव्या मालकांकडे प्रशिक्षणाचं बजेट असतं आणि ते मागायला फारसं कुणी जात नाही.

आता तो ट्रक. रकाना नाही म्हणालात ना? आहे. 'पुरवठादारांशी उत्तम संबंध' असं सीव्हीत लिहू नका, ते सगळेच लिहितात. असं लिहा: अमुक भागाचा एकच पुरवठादार होता, दुसरा उभा केला, किती महिन्यांत केला, उशीर किती टक्क्यांवरून किती टक्क्यांवर आणला. आकडे ऑफिसात असतील, पण कंपनीची गुपितं बाहेर जाणार नाहीत हे बघा. टक्केवारी पुरते.

लिंक्डइनचा फीड नोकरी देत नाही, ओळखी देतात. त्यातही जवळच्या नाहीत. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा लेख आमच्या धंद्यात अजून निघतो. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, ती ओळखीची व्यक्ती तुम्हाला कितीदा भेटायची? वरचेवर भेटणारी होती असं सांगणारे फक्त १७ टक्के निघाले. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून कळलं होतं. कारण उघड आहे. तुमच्या जिवलग मैत्रिणीला जे माहीत, ते तुम्हालाही माहीत असतं. पुढे २०२२ मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात लिंक्डइनच्याच २ कोटींहून जास्त वापरकर्त्यांवरच्या प्रयोगांचा अभ्यास आला, त्यातही मध्यम-सैल (फार जवळच्या नाहीत, अगदी परक्याही नाहीत अशा) ओळखीच जास्त उपयोगी निघाल्या.

आणि सैल ओळखींचं भांडार खरेदी विभागाइतकं कुणाकडे असेल? व्हेंडरचे सेल्सवाले दिवसाला चार कंपन्यांच्या खरेदी विभागात जाऊन बसतात. कुठे जागा रिकामी होणार हे त्यांना एचआरच्या आधी कळतं.

---

खरेदीखाते

हिशेबनीस काका, तक्ता मागवला. ६६ नाही, ६७ टक्के बाकी. मधे एकदा दोन हप्ते पुढे ढकलले होते, त्याचा परिणाम असावा. ती ओळ नवऱ्याला दाखवली, तो पाच मिनिटं काही बोललाच नाही. हाताशी सध्या चार महिन्यांचा खर्च आहे, त्यामुळे ठेव कर्जात जाणार नाही, हे ठरलं.

रात्रपाळी, त्या ५०८ जणांना माझा नमस्कार कळवा.

मुलाखतवाली, बाकी सगळं मान्य, पण व्हेंडरचं नाही. ज्याचा भाव मला सोमवारी पाडायचाय त्याच्याकडे शुक्रवारी नोकरीची चौकशी केली तर सोमवारी मी कुठल्या तोंडाने बसू? आणि तो ही गोष्ट दुपारपर्यंत माझ्या साहेबापर्यंत नेईल. ही जमात मी ओळखून आहे.

---

मुलाखतवाली

बरोबर, चालू व्हेंडर नकोच. ते मी लिहायला हवं होतं. ज्यांच्याशी आता व्यवहार नाही ते धरा: ज्यांची ऑर्डर संपली ते, कंपनी बदललेले सेल्सवाले, तुमच्याकडून सोडून गेलेले क्वालिटी आणि स्टोअरचे लोक. 'माझ्यासाठी जागा आहे का' असं विचारू नका, माणूस अवघडतो आणि उत्तरच देत नाही. हे पाहा, असा निरोप पाठवा:

'नमस्कार, बऱ्याच दिवसांनी. तुम्ही आता तिकडे आहात असं कळलं. तुमच्याकडे खरेदी कारखान्यातच होते की मुख्य कार्यालयातून? आमच्याकडे बदल चाललेत, म्हणून इतर ठिकाणी कसं चालतं ते समजून घेतेय. दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का?'

लिंक्डइन फोनवरून काढा, ऑफिसच्या नसलेल्या कॉम्प्युटरवर ठेवा. जाहिरातींच्या सूचना ईमेलवर लावता येतात, म्हणजे फीड उघडायची गरजच नाही.

---

स्पष्टच_बोलतो

म्हणजे शेवटी फोनवरून काढलंच ना. मी काय वेगळं सांगत होतो?

---

खरेदीखाते

स्पष्टराव, तुमचं कोटेशन सगळ्यात स्वस्त होतं, पण स्पेसिफिकेशन अपुरं होतं.

फोनवरून काढलंय. १८ जाहिराती उतरवल्या. कोर्स तीन ठिकाणी, आणि एकच सॉफ्टवेअर ११ ठिकाणी, जे आमच्या नव्या मालकांकडे आहेच. साहेबाला सांगितलं मला त्याचं ट्रेनिंग हवंय. तो म्हणाला, 'मॅम, मीच विचारणार होतो, तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं.' आता यावर काय बोलणार. सेंट्रलाइज होणार की नाही हे त्यालाही माहीत नाही, हे त्याच्या बोलण्याच्या घाईवरून कळलं. निरोप चौघांना गेलेत, एकाचा फोन झाला, दोघांनी वाचून ठेवलेत.

काका, शेवटचा प्रश्न. पुढे कधी नऊ महिन्यांचा खर्च जमला आणि वर थोडे उरले, तर ते कर्जात भरताना काही काळजी घ्यायची का?

---

हिशेबनीस

दोन गोष्टी. मुदतीआधी भरल्याबद्दल दंड लागतो का, ते करारात वाचा. आणि अर्जावर 'हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी' असं स्पष्ट लिहून पोच घ्या. काही लिहिलं नाही तर काही ठिकाणी मुदत तीच ठेवून हप्ता कमी करतात, मग ते १३ हप्त्यांचं गणित तुम्हाला लागू होत नाही. नवा तक्ता हातात आल्याशिवाय तिथून उठू नका.