जंगलालगतचे घर आणि वणवा: तयारी नेमकी कुठून सुरू करावी?

रानकाठ:
नमस्कार. आमचे घर जंगलाला लागून, उताराच्या वरच्या अंगाला आहे आणि खालच्या बाजूस दाट झाडी व उंच गवत आहे. घरात आम्ही दोघे, दोन शाळकरी मुले, दम्याचा त्रास असलेल्या सासूबाई आणि एक कुत्रा असे राहतो. वणव्यांचे दिवस सुरू होण्यापूर्वी तयारी करायची हे ठरले आहे, मात्र ती कशी करावी यावर एकमत होत नाही. माझ्या पतींचे म्हणणे असे, की शंभर मीटरपर्यंतची सगळी झाडे काढली म्हणजे घराला धोका उरणार नाही, आणि तरीही आग आलीच तर आम्ही निघून जावे, ते स्वतः पाण्याची नळी घेऊन घर राखायला थांबतील. मला या दोन्ही गोष्टी पटत नाहीत, पण का पटत नाहीत हे नीट मांडता येत नाही. जाणकारांनी सांगावे.

वळचण:
ताई, वणव्यात जळालेल्या घरांची पाहणी केल्यावर असे आढळते, की बहुतेक घरांपर्यंत ज्वाळांची भिंत पोहोचलेलीच नसते. आगीच्या पुढे वाऱ्यावर उडत येणारे निखारे घरे पेटवतात, आणि ते एक-दोन किलोमीटरवरूनही येऊ शकतात. शंभर मीटर मोकळे केले तरी निखारा त्यावरून सहज उडून पन्हळीतल्या वाळक्या पानांत पडतो.

अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक जॅक कोहेन यांनी या विषयावर दीर्घकाळ काम केले आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडात झालेल्या प्रयोगांत जंगलाचे तुकडे मुद्दाम पेटवून त्यांच्यासमोर लाकडी भिंती उभ्या करण्यात आल्या. दहा मीटरवरच्या भिंती काही वेळा पेटल्या, परंतु वीस आणि तीस मीटरवरच्या पेटल्या नाहीत, कारण शेंड्यांपर्यंत चढलेली आगही एका जागी साधारण मिनिटभरच जोराने भडकते. म्हणजे ज्वाळांच्या धगीपासून वाचायला सपाटीवर तीसेक मीटर पुरतात. निखाऱ्यांसाठी मात्र कोणतेच अंतर पुरेसे नसते, त्यामुळे तिथे घर आणि त्याला लागून असलेली जागाच पेट घेणार नाही अशी करावी लागते.

म्हणून सुरुवात छपरापासून करावी. कौले किंवा पत्रे सरकलेले असतील तर त्या फटी बुजवाव्यात, पन्हळी साफ ठेवाव्यात आणि पोटमाळ्याच्या झरोक्यांना तीन मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची धातूची जाळी लावावी. प्लास्टिकची जाळी वितळते. त्यानंतर भिंतीपासून दीड मीटरच्या पट्ट्यात जळण्याजोगे काहीही ठेवू नये. त्या जागी खडी, फरशी किंवा मोकळी माती असावी. झुडपे, लाकडाचा भुसा, काथ्याचे पायपुसणे, कोपऱ्यात उभा केलेला झाडू, प्लास्टिकच्या खुर्च्या या सगळ्यांची गणना जळणातच होते. लाकडी कुंपण भिंतीला टेकत असेल तर निदान तो शेवटचा भाग धातूचा करावा, कारण पेटलेले कुंपण वातीप्रमाणे आग घरापर्यंत आणते. सरपणाची रास घरापासून दहा मीटरवर न्यावी. झाडे तोडण्याच्या खर्चापुढे ही कामे इतकी किरकोळ दिसतात की लोक ती शेवटी ठेवतात आणि बहुधा ती राहूनच जातात.

चढउतार:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, मात्र एक भर घालतो. आपले घर उताराच्या वर आहे आणि आग चढावर वेगाने धावते. उतार दर दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यामुळे खालच्या बाजूला तीस मीटरवर समाधान मानू नये. तरीही सरसकट तोड करू नये. उघड्या उतारावरची माती पावसात वाहून जाते आणि मोकळ्या उन्हात उंच गवत माजते, जे वाळल्यावर झाडांपेक्षा लवकर पेटते. मोठी झाडे राखून त्यांच्या जमिनीपासून दोन मीटरपर्यंतच्या फांद्या छाटाव्यात, त्यांच्याखालची झुडपे काढावीत, म्हणजे जमिनीवरच्या आगीला शेंड्यापर्यंत चढायला पायऱ्या मिळत नाहीत. गवत तर पूर्ण हंगामभर आखूडच ठेवावे लागेल.

वेळेआधी:
पतींनी थांबण्याच्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण माझ्या मते या चर्चेतला सर्वांत गंभीर मुद्दा तोच आहे. ऑस्ट्रेलियात अनेक वर्षे 'थांबून घर राखा किंवा लवकर निघा' असे दोन्ही पर्याय लोकांपुढे ठेवले जात. ७ फेब्रुवारी २००९ रोजी व्हिक्टोरिया राज्यातल्या वणव्यांत १७३ माणसे मेली आणि त्यांतली शंभराहून अधिक घरांतच मेली. त्यानंतर लवकर निघणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग, असे तिथल्या यंत्रणा स्पष्टपणे सांगू लागल्या. नळीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की वणव्यात वीज जाते, विजेवरचा पंप बंद पडतो आणि सगळे एकाच वेळी पाणी वापरू लागले की नळाचा दाब कोसळतो.

याची दुसरी बाजूही तितकीच भयंकर आहे. पोर्तुगालमध्ये जून २०१७ च्या वणव्यात ६६ जण गेले, त्यांतले बहुतेक पळून जाताना रस्त्यावरच. म्हणजे निघणे सुरक्षित असते ते वेळेवर निघाल्यासच. म्हणून केव्हा निघायचे हे आजच कागदावर लिहून ठेवावे. अतितीव्र धोक्याचा इशारा आला, किंवा धूर अमुक टेकडीच्या अलीकडे दिसला, की आणखी चर्चा न करता निघायचे. दम्याचा रुग्ण आणि मुले घरात असताना ही खूण इतरांपेक्षा आधीची धरावी. दोन वेगळे रस्ते, भेटण्याचे ठिकाण आणि मुले शाळेत असताना आग आली तर त्यांना कोण आणणार, हेही ठरवावे. कागदपत्रे, औषधे आणि कुत्र्याचा पट्टा एका पिशवीत तयार असावा आणि गाडीत हंगामभर पुरेसे इंधन असावे.

रानकाठ:
आपणा सर्वांची आभारी आहे. हे पतींना वाचायला दिले आहे आणि नळीचा विषय तूर्त मागे पडला आहे. दोन शंका उरतात. सासूबाईंसाठी धुराचे काय करावे, आणि निघूनही रस्ता बंद झाला तर?

वेळेआधी:
धुरातले सूक्ष्म कण कापडी रुमालाने अडत नाहीत, ओल्या रुमालानेही नाही. एन-९५ प्रकारचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. अर्थात दम्याच्या रुग्णाला तो लावूनही धाप लागू शकते, म्हणून डॉक्टरांना आधीच विचारावे आणि जास्तीचा इन्हेलर पिशवीत ठेवावा. माझे मत असे, की त्यांना हंगामातल्या वाईट दिवसांत आधीच नातेवाइकांकडे पाठवलेले बरे.

प्रवासात सर्वांच्या अंगावर पूर्ण बाह्यांचे सुती किंवा लोकरीचे कपडे असावेत, कारण कृत्रिम धाग्याचे कापड वितळून कातडीला चिकटते. रस्ता अडलाच तर गाडी गवत-झाडांपासून दूर, उघड्या जमिनीवर थांबवावी, काचा आणि हवेची छिद्रे बंद करावीत, दिवे चालू ठेवावेत आणि खिडक्यांच्या पातळीखाली वाकून लोकरी घोंगडी अंगावर घ्यावी. आगीचा लोट पुढे सरकेपर्यंत बाहेर पडू नये. हा शेवटचा उपाय आहे, त्याच्या भरवशावर निघायला उशीर करू नये.

वळचण:
परतण्याविषयीही सांगतो. परवानगी मिळाल्यावरच जावे आणि आधी पोटमाळा, पन्हळी व वळचणी तपासाव्यात, कारण तिथे अडकलेला निखारा काही तासांनंतरही पेट घेतो. जळालेल्या झाडांची मुळे जमिनीखाली धुमसत असतात आणि वरून शाबूत दिसणारी माती पायाखाली खचते, तेव्हा मुलांना व कुत्र्याला मोकळे सोडू नये. राख कोरडी झाडू नये, पाणी शिंपडून भरावी, आणि ते काम संपेपर्यंत सासूबाईंना परत आणू नये.