मदत हवी आहे : ६४ पैकी कितीतरी फीड बंद पडलेत. आरएसएस अजून चालतं का, की काढून टाकू?

वाचनखूण
लोकहो, लवकर सांगा. आरएसएस वापरते, म्हणजे प्रत्येक साइट नव्या लेखांची यादी (फीड) देते आणि रीडर ॲप त्या याद्या एका जागी आणतं. माझ्या रीडरमध्ये ६४ फीड आहेत, बहुतेक मराठी ब्लॉग आणि थोडी यूट्यूब चॅनेलं. आठवडाभर काहीच नवीन येत नाहीये, साइटवर मात्र नवे लेख दिसतात. फीड काढून परत घातले, तेच. आरएसएस संपलंच असेल तर तसं सांगा, सगळं उडवून टाकते.

उलटतपासणी
रीडर कुठला? किती फीड बंद? एरर काय? नुसतं "काहीच येत नाही" यावर काय सांगणार?

भरताचं_वांगं
गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला. फायरफॉक्सने डिसेंबर २०१८ मध्ये ६४व्या आवृत्तीत लाइव्ह बुकमार्क (फीड दाखवणारे बुकमार्क) काढले. आता कोण वापरतं हे? टेलिग्राम चॅनेल घ्या आणि मोकळ्या व्हा.

खटपट्या
@भरताचं_वांगं, पॉडकास्ट ॲपमध्ये नवा भाग येतो तो बहुतेक वेळा आरएसएसमधूनच, एन्क्लोजर टॅगमधला ऑडिओचा पत्ता वाचून. आणि टेलिग्राम चॅनेल लेखकाने काढलं तरच असणार. वर्डप्रेसवर पत्त्यापुढे स्लॅश देऊन 'फीड' लिहिलं की फीड मिळतो, लेखकाला त्याचा पत्ताही नसतो. रीडर बंद पडले म्हणून फीड बंद पडत नाहीत.

वाचनखूण
फ्रेशआरएसएस आहे, भाड्याच्या सर्व्हरवर, डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणारी सोय). १९ फीडसमोर एररची खूण आहे. बाकी ४५ मध्ये हाताने रीफ्रेश दाबलं तर लेख येतात, आपोआप येत नाहीत. मागच्या आठवड्यात सर्व्हर बदलला, पण डेटा सगळा जसाच्या तसा आणलाय, त्यामुळे तो प्रश्न नाही.

उलटतपासणी
तोच प्रश्न आहे ताई! हे दोन वेगळे आजार आहेत.

४५ चं आधी. फ्रेशआरएसएस स्वतःहून फीड आणत नाही, क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) लागतो. डेटा आणलात पण कंटेनर नव्याने चालवताना क्रॉनच्या मिनिटांचं व्हेरिएबल (सेटिंग) द्यायचं राहिलं असणार. तिथे ३,३३ द्या, म्हणजे दर तासाला तिसऱ्या आणि तेहेतिसाव्या मिनिटाला फीड येतील. मग कंटेनर नव्याने तयार करा, नुसता रीस्टार्ट केला तर नवं व्हेरिएबल लागू होत नाही. दर ५ मिनिटांचा हावरटपणा नको, साइट ४२९ ("फार वेळा मागितलंत") देऊन दार लावते.

१९ साठी लॉग (रीडरच्या नोंदी) उघडा आणि एरर इथे टाका.

वाचनखूण
११ ना ४०३ (प्रवेश नाकारला). पाचांना एक्सएमएलची, म्हणजे फीड ज्यात लिहितात त्या भाषेची तक्रार : "एक्सएमएल डिक्लरेशन फाइलच्या सुरुवातीलाच हवं" अशा अर्थाचं काहीतरी. तिघांत फीडच्या जागी साधं वेबपान येतंय. आणि एका चालू फीडच्या सगळ्या लेखांवर १ जानेवारी १९७० तारीख आहे!! ब्राउझरमध्ये ते ११ फीड व्यवस्थित उघडतात, मग?

उलटतपासणी
ब्राउझर घरच्या आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) जातो, रीडर डेटासेंटरच्या. नवा आयपी त्या साइटच्या बॉटरोधक यादीत बसला. खात्रीसाठी सर्व्हरवरूनच कर्लने (कमांड देऊन पत्ता उघडणारं साधन) फीड मागवा आणि घरून मागवा. तिकडे ४०३, इकडे २०० (ठीक) आलं तर निदान पक्कं.

खटपट्या
सोपा उपाय : फीडच्या प्रगत सेटिंगमध्ये युजर एजंट (रीडर साइटला सांगतो ते स्वतःचं नाव) बदलून क्रोमचा द्या.

पाटीपेन्सिल
असहमत. आयपीवरून अडवलं असेल तर नाव बदलून उपयोग नाही, आणि जावास्क्रिप्टचं कोडं घातलं असेल तर रीडर ते सोडवूच शकत नाही. साइटमालकाला मेल करा : "फीडच्या पत्त्याला बॉट तपासणीतून सूट देणारा नियम घाला." बहुतेकांना फीड अडतोय हे माहीतच नसतं.

पाच एक्सएमएलवाले : फीडच्या पहिल्या ओळीआधी रिकामी ओळ किंवा स्पेस आहे. वर्डप्रेसमध्ये थीमच्या फंक्शन्स फाइलच्या शेवटी पीएचपी बंद करणाऱ्या टॅगनंतर एन्टर राहून गेलं की हे होतं. तो बंद करणारा टॅगच काढून टाकायचा. हेही मालकाच्याच हातात.

१९७० : फीडमधली तारीख बहुधा "१२ मे" अशी देवनागरीत छापली जातेय. आरएसएसच्या तारखेत महिना इंग्रजी तीन अक्षरांत आणि आकडे इंग्रजीच (1, 2, 3) लागतात. नाहीतर रीडरला तारीख वाचता येत नाही, आणि काही रीडर शून्य धरतात, म्हणजे संगणकाची वेळमोजणी जिथून सुरू होते ती १ जानेवारी १९७०. मराठी साइटांवर हाताने लिहिलेल्या थीममध्ये ही चूक हमखास.

खटपट्या
मेल करून उत्तर कधी येतं? तोवर ताईंनी वाचायचं काय?

पाटीपेन्सिल
तोवर ते ११ ब्राउझरमध्ये बुकमार्क करा. ११ आहेत, ११०० नाहीत.

रविवारची_झोप
पॉडकास्टचा विषय निघालाच आहे तर : स्वतःचा काढायचा असेल तर ॲपल पॉडकास्टसाठी मुखचित्र चौरस हवं, किमान १४०० बाय १४०० पिक्सेल, कमाल ३००० बाय ३०००. एन्क्लोजरमध्ये लांबी बाइटमध्ये लिहा, मिनिटांत नाही.

उलटतपासणी
हे विचारलं कोणी? :)

@वाचनखूण, वेबपान येणाऱ्या तिघांत आधी साइटचा पत्ता बदललाय का बघा. ब्लॉगरवरचा ब्लॉग वर्डप्रेसवर गेला की जुना फीड-पत्ता नव्या मुखपृष्ठावर पोचतो. फीड मुळातच नसेल तर फ्रेशआरएसएसमध्ये एचटीएमएल आणि एक्सपाथ (पानातला भाग कुठे आहे ते सांगणारी खूण) असा प्रकार निवडून पानावरचे मथळे उचलता येतात. पण थीम बदलली की तो तुटतो.

वाचनखूण
क्रॉनच होता! ४५ ची गाडी सुरू झाली, २१० न वाचलेले लेख येऊन पडलेत. तिघांपैकी दोघांनी पत्ता बदललेला, ते बदलले. तिसरा एक्सपाथने जमेना, मथळे येतात पण लिंका येत नाहीत. दहा जणांना मेल टाकलाय, अकराव्याच्या साइटवर संपर्कच नाही. यूट्यूबचं एक नवं चॅनेल घालायचंय, त्याचा पत्ता ॲट चिन्हाने सुरू होतो, तो चालत नाही.

पाटीपेन्सिल
चॅनेलच्या वर्णनात 'आणखी' दाबा, शेअरमध्ये चॅनेल आयडी कॉपी करा. यूसीने सुरू होणारा २४ अक्षरांचा असतो. फीडच्या पत्त्यात तो घाला. फक्त शेवटचे १५ व्हिडिओ येतात, जुने मागू नका. लिंकांचं म्हणाल तर लिंकेच्या खान्यात एक्सपाथचा शेवट एचरेफ या ॲट्रिब्यूटवर (टॅगमध्ये लिंकेचा पत्ता असतो तिथे) हवा, तुमचा नुसत्या टॅगवर थांबला असेल. एक्सपाथ इथे टाका, बघतो.