मदत हवी आहे: पार्किन्सन्समध्ये वळताना तोल जातो, डोळ्यांचे व्यायाम कोणी केलेत का?

नमस्कार. बाबा ७१ वर्षांचे, नाशिकला असतो. पार्किन्सन्स आहे, त्यावरची लेव्होडोपा ही गोळी चालू आहे. सरळ चालतात बरे, पण वळताना पाय जमिनीला चिकटतात आणि तोल जातो. नजर आधी वळतच नाही; डोळे, मान, धड सगळं एकदम फिरतं.

घरात फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या, त्यावर पाऊल छान पडतं. पण कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पट्ट्या कुठून आणायच्या? फिजिओथेरपिस्टनी दोन व्यायाम दिलेत. डोकं स्थिर ठेवून भिंतीवरच्या दोन खुणांकडे आळीपाळीने बघणं, हा जमतो. अंगठ्यावर नजर रोखून मान डावी-उजवीकडे हलवताना मात्र गरगरतं, म्हणून तूर्त बंद.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, चष्मा बायफोकल, मानेला स्पाँडिलायटिस. उभं राहिल्यावर बीपी उतरत नाही, तपासलंय. गोळ्यांचं न्यूरॉलॉजिस्ट बघतात, ते विचारत नाहीये.

ज्यांच्या घरी हे केलंय त्यांनी कृपया सांगा: बसून जमणारी नजरेची हालचाल प्रत्यक्ष वळताना वापरायची सवय कशी लावलीत, आणि मान जपून हे घरी येऊन शिकवणारं नाशकात कोणी आहे का?